सरावाचं उत्तर

आरोग्य खात्याच्या बाई साइटवर आल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, पुन्हा हेल्मेटवरचंच भाषण. पुढे बसायला कुणी तयार होईना. मागच्या सिमेंटच्या गोण्यांवर दाटीवाटी आणि पुढे मोकळं रान. शेवटी मुकादमच पुढे जाऊन बसला आणि आपल्या मेव्हण्यालाही त्यानं हाताला धरून शेजारी बसवलं. मेव्हणा टॉवर क्रेन चालवायचा. दिवसभर उंचावरच्या केबिनमध्ये एकटाच, म्हणून साइटवर त्याला 'गरुड' म्हणत. घरी मात्र तो बारक्याच.

बाई हेल्मेटवर बोलल्याच नाहीत. "तुमच्या धंद्यात वरून पडून जातात त्याहून जास्त माणसं स्वतःच जीव देऊन जातात," त्या म्हणाल्या. "घर लांब, कामाचा भरवसा नाही, अंग दुखतं ते दुखतंच. आणि बाप्या माणसाला कुणी काही विचारत नाही. आज आपण विचारायला शिकू."

विचारायचं ते सरळ. 'वेडंवाकडं काही मनात नाही ना?' असं म्हटलं की माणूस 'छे' म्हणतो आणि सुटतो. विचारल्यानं नसलेला विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. मग जोड्या लावल्या. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं खचलेल्या माणसाचं सोंग घ्यायचं.

"बाई, याची बायको माहेरी गेली की हा पेढे वाटतो, हा कसला खचतोय!" फिटर आपल्या जोडीदाराकडे बोट दाखवून ओरडला आणि शेडमध्ये हशा पिकला.

मुकादमाच्या जोडीला मेव्हणाच आला. एका हाकेवर अख्खा स्लॅब हलवणारा मुकादम, पण हा एवढा प्रश्न त्याला जड गेला. खाकरून तो एका दमात म्हणाला, "जीव द्यावासा वाटतो का रे तुला?"

"हो," मेव्हणा बुटांकडे बघत म्हणाला. "सकाळी जाग आली की वाटतं, कशाला आली. आताशा तर ठरवूनच टाकावंसं वाटतं."

आजूबाजूच्या जोड्यांनी ते ऐकलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. "अरे, याला नाटकात घाला रे! काय काम केलंय!" बाई दुसऱ्या टोकाला होत्या, त्यांच्यापर्यंत नुसता गोंगाट पोचला. मेव्हणाही हसला. पण जरा उशिरा.

तो उशीर मुकादमाच्या मनातून जाईना. सगळे कामाला लागले, गरुड वर गेला, क्रेनचा हात फिरू लागला आणि मुकादम खाली उभा राहून तिकडेच बघत राहिला. शाळा बुडवायला तापाचं सोंग घेऊन हाच पोरगा स्वतःच खुदकन हसला होता, हे मुकादमाची बायको अजून चारचौघांत सांगते. ज्याला ताप वठवता आला नाही, त्याला हे जमलं? मेव्हण्याची बायको मुलीला घेऊन वेगळी झाल्यापासून तो रविवारी त्यांच्याकडे जेवायला यायचा, निमूट जेवून निघून जायचा. 'होईल हळूहळू,' असं म्हणून मुकादमानं विषय मिटवला होता.

आणि खरंच विचारलं आणि खरंच 'हो' आलं तर? त्याला क्रेनवरून उतरवावं लागणार. त्याच्याजवळ अभिमानानं सांगण्यासारखी तेवढी एकच गोष्ट उरली होती.

बाई गाडीत सामान ठेवत होत्या. मुकादमानं त्यांना गाठलं. "बाई, एखाद्यानं सोंग फारच चांगलं वठवलं, तर खरं-खोटं ओळखायचं कसं?"

बाईंनी पिशवी परत खाली ठेवली. "ओळखत बसायचं नाही. पुन्हा विचारायचं," त्या म्हणाल्या. "जा तुम्ही. मी थांबते. हे एकट्यानं ओढायचं काम नाही."

मुकादमानं वॉकी-टॉकी तोंडाशी धरला. "बारक्या, खाली ये."

घरचं नाव साइटवर कुणी ऐकलं नव्हतं. पलीकडून खरखर झाली. "दाजी, हुकाला सळया आहेत."

"त्या नीट उतरव आणि मग ये. घाई नाही."

सळयांचा भारा सावकाश टेकला, पट्टे सुटले, आणि शिडीवर एक माणूस खाली येताना दिसू लागला. तो जमिनीला लागेपर्यंत मुकादमानं नजर हलवली नाही.

दोघं विटांच्या थप्पीआड बसले.

"मघाशी सराव होता. आता सराव नाही," मुकादम म्हणाला. "जीव द्यायचा विचार येतो का तुझ्या मनात?"

"काय दाजी तुम्ही पण! गंमत केली मी."

'बरं' म्हणून उठणं किती सोपं होतं. मुकादम उठला नाही. "तुला सोंग जमत नाही. तुझ्या ताईला विचार."

मेव्हणा हातमोजा काढायचा, पुन्हा घालायचा. "सगळे हसले ना, तेव्हा बरं वाटलं," अखेर तो म्हणाला. "म्हटलं, बोलूनही झालं आणि कुणाला कळलंही नाही." मग त्यानं हातमोज्यानंच डोळे झाकले. मुकादमानं त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"आता क्रेनवरून काढाल मला."

"काढलं. आत्तापासून," मुकादम म्हणाला. खोटं बोलायचं नाही, एवढं त्यानं ठरवलं होतं. "पण कामावरून नाही. साहेबांशी मी बोलतो. खाली सिग्नल द्यायला माणूस हवाच आहे मला. डॉक्टर म्हणतील तेव्हा पुन्हा वर."

"म्हणजे दिवसभर तुमच्या शिव्या ऐकायच्या?"

"वर नव्हत्या ऐकू येत?"

"वर आवाज बारीक करता यायचा."

डोळे पुसता पुसता दोघांनाही हसू आलं. तेवढ्यात बाई आल्या आणि खालीच, विटेवर बसल्या. दुपारीच दवाखान्यात जाऊ, तिघं मिळून जाऊ, आणि आज रात्री त्यानं एकट्यानं राहायचं नाही, त्या म्हणाल्या.

"ताईला नका सांगू."

"राहणार आमच्याकडे आणि तिला सांगायचं नाही?" मुकादम म्हणाला. "मी सांगू, की तू सांगतोस?"

मेव्हण्यानं हातमोजा काढून विटेवर ठेवला. मग त्यानं हात पुढे केला. मुकादमानं फोन लावून त्याच्या हातात दिला.

"बारक्या? आत्ता, कामाच्या वेळी?" पलीकडून ताई घाबरून बोलत होती. "तुझे दाजी बरे आहेत ना रे?"

"दाजी बरे आहेत, ताई," तो म्हणाला. "मी नाही."