धर्माजीच्या घरचा हात

हरेश्वरशेठची नवी जीप धर्माजीच्या शेडसमोर येऊन थांबली, तेव्हा समोरच्या टपरीवर चहा पिणारी माणसं पेले हातात धरून तिकडे बघू लागली. धर्माजी जाऊन दुसरा पावसाळाही सरला होता, आणि तो असतानाही शेवटी शेवटी हरेश्वरने या दारात पाऊल टाकलं नव्हतं. आज तो स्वतः उतरला, चपला बाहेर काढाव्यात की नाही अशा विचारात क्षणभर उभा राहिला आणि मग तसाच आत आला.

साक्षी खिडकीचं ग्रिल घासत होती. धर्माजीची ही एकुलती एक मुलगी. बापामागे शेड तिनेच चालवली, ग्रिलं, पत्र्याची दारं, गुरांच्या गोठ्याचे पत्रे, मिळेल ते. तिने मान वर करून त्याला पाहिलं आणि हातातला पॉलिशपेपर खाली ठेवला.

हरेश्वरने काम सांगितलं. त्याच्या मुलीचं, सुचिताचं, लग्न दोन दिवसांवर आलं होतं. कपाट, गाद्या, रुखवत असं सगळं अलिबागला पोचवायचं होतं, म्हणून जीपच्या टपावर कॅरियर हवा होता. म्हसळ्याच्या गॅरेजवाल्याने तयार कॅरियर दिला, टपाला भोकं पाडली, आणि नेमकी त्याची नट बसवायची गन मोडली. दुसरी कुठे मिळेना. गन नसताना हाताने नट बसवणारं एकच घर आहे, असं त्या गॅरेजवाल्यानेच सांगितलं होतं. हे सांगताना हरेश्वर साक्षीकडे पाहत नव्हता. जीपमध्ये सुचिता बसली होती. दोन्ही हातांवर ओली मेंदी, त्यामुळे हात मांडीवर उताणे ठेवून.

मागच्या घरातून साक्षीची आई जनी दारापर्यंत आली. हरेश्वरला पाहून तिचा चेहरा आवळला. "त्याला वाटेला लाव," ती मुलीला हळूच म्हणाली.

"नको. काम घेते," साक्षी म्हणाली.

जनीला तिचा आवाज ओळखीचा वाटला नाही. ती आत गेली नाही. तिथेच उंबऱ्यावर बसली.

काही वर्षांपूर्वी म्हसळ्याच्या अलीकडच्या उतारावर हरेश्वरच्या एका गाडीचा कॅरियर सिमेंटच्या गोण्यांसकट टपावरून निसटला होता. रस्त्याच्या कडेने गुरं घेऊन चाललेल्या बुधाजीच्या अंगावर तो आला. बुधाजीचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला. कॅरियर धर्माजीने बनवलेला, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण धर्माजीने तो बसवला होता हरेश्वरच्या जुन्या गाडीवर. हरेश्वरने तो नंतर काढून दुसऱ्या गाडीवर चढवला, आणि तो कसा चढवायचा हे धर्माजीला कुणी विचारलं नव्हतं. अपघातानंतर ती गाडी लगेच भंगारात गेली, त्यामुळे तपासायला काही उरलं नाही. देवळात गाव जमलं तेव्हा धर्माजी इतकंच म्हणत राहिला, की या गाडीला माझा हात लागलेला न्हाय. हरेश्वर म्हणाला, म्हातारपणी हात कच्चा झाला, डोळे गेले, पण कबूल करायची लाज वाटते. लोकांनी हरेश्वरचं मानलं. देवळाच्या कमिटीचा तो अध्यक्ष, गावातल्या निम्म्या पोरांना त्याच्याच गाड्यांवर काम. धर्माजीला बुधाजीच्या दारात जाऊन सगळ्यांसमोर पाया पडायला लावलं.

त्यानंतर धर्माजीकडे कुणी गाडी आणली नाही. वर्षभरात तो खाटेला लागला आणि गेला. त्याच्या तिरडीला खांदा द्यायला माणसं गोळा करावी लागली. बुधाजी तर आलाच नाही. तो त्या गल्लीतूनही जात नसे.

साक्षी स्टूल घेऊन जीपला भिडली. तिने टपावरच्या भोकांतून बोट फिरवलं, कानशीने कडा साफ केल्या. पत्रा पातळ असला की त्यात आटे धरत नाहीत, आणि जीपच्या टपाला आतून अस्तर असतं, त्यामुळे मागून हात घालून नट धरता येत नाही. अशा जागी रिपीट नट लागतो. ती आतून आटे पाडलेली, वरच्या तोंडाला कड असलेली छोटी नळी असते. भोकात घालून ती आतून वर ओढली, की पत्र्यामागे तिचं पोट फुगतं, आणि कड नि पोट यांच्यामध्ये पत्रा घट्ट चिमटला जातो. गन हे एका दाबात करते. धर्माजीकडेही गन होती. काम आटल्यावर वेल्डिंग मशीनच्या पाठोपाठ तीही विकून झाली. मग बापाने लेकीला बोल्टवर काम करायला शिकवलं. लांब, कडक बोल्टवर आधी एक नट चढवायचा, त्याखाली ग्रीस लावलेले वायसर, म्हणजे लोखंडी चकत्या, आणि मग बोल्टच्या टोकाला रिपीट नट. तो भोकात बसवला की बोल्टचं डोकं एका पान्याने धरून ठेवायचं आणि दुसऱ्या पान्याने वरचा नट खाली आवळत न्यायचा. नट खाली दाबतो, बोल्ट वर खेचला जातो, नळी मागे फुगते.

आवळणं थोडं आधी थांबवलं, तर वरून काही कळत नाही. कड तशीच चकचकीत दिसते. कॅरियरही चढतो. मग एखाद्या उतारावर, वळणावर, सामानाचा भार एका अंगाला गेला की नळी भोकात गिरकी घेते, आणि मग तिला थांबवणारं काही उरत नाही.

हे साक्षीच्या मनात आलं. जीप दारात थांबली तेव्हाच आलं होतं. तिने तो उतार डोळ्यांपुढे आणला, रस्त्यावर विखुरलेल्या गाद्या आणल्या, हरेश्वरचा चेहरा आणला. त्यात तिला गोडी वाटली, हे खरं. पण लगेच पुढचंही दिसलं. देवळात पुन्हा गाव जमणार, आणि हरेश्वर म्हणणार, बघा, त्या घरचा हातच कच्चा. या वेळी ते खरं असणार होतं. बापावरचा खोटा आळ तिने स्वतःच्या हाताने खरा केला असता.

नाही, हे नट असे बसवायचे की टप फाटेल पण नट निघणार नाही. सूड घ्यायचा तो दुसरीकडून.

"काका, माझ्याकडे माणूस नाही," ती म्हणाली. "बोल्ट तुम्ही धरा."

भिंतीला पकड अडकवलेली होती. ती बोल्टच्या डोक्याला लावून टपाच्या कडेच्या पट्टीला टेकवली असती तर माणूस लागला नसता. साक्षी असं नेहमी करायची. तिने पकडीकडे पाहिलंही नाही.

हरेश्वर पांढऱ्या सदऱ्यानिशी जीपशेजारी ओढलेल्या बाकावर चढला. साक्षीने त्याच्या हातात पाना दिला आणि बोल्टच्या डोक्यावर नीट बसवून घेतला. "हलू देऊ नका. हलला तर आतली नळी नुसती फिरते. मग ती कशालाच धरत नाही."

पहिला नट आधी सैल फिरला, मग जड झाला. हरेश्वरच्या मनगटाची शीर वर आली. मध्येच काहीतरी दबल्यासारखं जाणवलं आणि पुढे पाना एकदम दगडासारखा झाला. तिथे साक्षी थांबली.

"कळलं हाताला?"

"कळलं," हरेश्वर म्हणाला.

तिने बोल्ट सोडवून पुढच्या भोकाकडे नेला. टपरीवरची माणसं एकेक करून रस्ता ओलांडून शेडच्या सावलीत येऊन उभी राहिली होती. शेठच्या सदऱ्याला ग्रीस लागलेलं सगळे बघत होते. ऊन चढत होतं. हरेश्वरला घाम पुसायला हात मोकळा नव्हता, आणि साक्षी घाई करत नव्हती.

एका बाजूचे नट झाले. दुसऱ्या बाजूचा पहिला बोल्ट लावताना तिने विचारलं, "बुधाकाकांच्या पायावर कॅरियर आला त्या गाडीला असे नट होते?"

हरेश्वरच्या हातातला पाना सरकून टपावर आपटला. "जुनं झालं ते," तो म्हणाला. "मेलेल्या माणसाचं आता कशाला काढतेस?"

"मेलेल्या माणसाचं नाही विचारत. गाडीचं विचारते."

साक्षीने आपलाही पाना खाली ठेवला. ती स्टुलावरून उतरली नाही, आवाजही चढवला नाही, पण सावलीतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतकं सावकाश बोलली.

"काका, तुम्ही देवळात सांगितलंत, धर्माजीचा हात कच्चा. मला सगळं त्यांनीच शिकवलं, म्हणजे माझाही कच्चाच. परवा या टपाखाली तुमची मुलगी बसणार आणि गाडी तोच उतार उतरणार. मग तुम्ही गाडी इथे कशी आणलीत? एक तर तुम्हाला मुलीची पर्वा नाही, नाहीतर माझ्या बापाचा हात पक्का होता हे तुम्हाला तेव्हाही माहीत होतं. यातलं कुठलं?"

उंबऱ्यावर जनी उठून उभी राहिली. हरेश्वर साक्षीकडे, मग माणसांकडे बघत होता, तोवर जीपचं दार कोपराने ढकलून सुचिता खाली उतरली. मेंदीचे हात तिने अंगापासून लांब धरले होते.

"बाबा, ती काय विचारतेय?"

"तू आत बस. पोरीबाळींचं काम न्हाय हे."

"त्यांचा हात कच्चा असेल तर मी या गाडीतून जाणार नाही," सुचिता म्हणाली. "आणि पक्का असेल तर त्या दिवशी काय झालं होतं ते मला सांगा. इथेच सांगा."

हरेश्वर बाकावर तसाच उभा होता. खाली उतरायला त्याला कुणाचा तरी हात लागला असता, आणि कुणी पुढे होत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "नट न लावता नुसते पत्र्याचे स्क्रू मारले होते. एका फेरीपुरतं काम होतं."

"कुणी मारले?" साक्षीने विचारलं.

"मी."

सावलीतल्या एका म्हाताऱ्याने हातातला चहा जमिनीवर ओतला. सुचिता जीपला टेकून उभी राहिली, ओल्या मेंदीचा डाग दारावर उठला तरी तिच्या लक्षात आलं नाही.

साक्षीने पाना उचलला. "धरा," ती म्हणाली. "अजून राहिलेत."

बाकीचे नट तिने तितक्याच निगुतीने बसवले. प्रत्येकात बोल्ट घालून, हिसका देऊन पाहिला. हरेश्वर धरत होता. शेवटचा नट झाल्यावर तिने पाने पिशवीत टाकले आणि कॅरियर जीपमध्ये मागेच राहू दिला. "हा बुधाकाकांच्या अंगणात चढवू," ती म्हणाली.

हरेश्वर म्हणाला की लग्न होऊ दे, मग तो स्वतः जाईल, देवाशपथ जाईल. साक्षी सुचिताकडे बघत राहिली. सुचिता पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, चला."

बुधाजी अंगणात काथ्याची दोरी वळत बसला होता. दारात जीप, जीपमध्ये धर्माजीची मुलगी, आणि मागून चालत आलेली निम्मी टपरी बघून त्याने दोरी बाजूला ठेवली. हरेश्वरने त्याच्यासमोर उभं राहून सांगितलं. अडखळत सांगितलं, मध्ये घाईचं, ड्रायव्हरचं, नशिबाचं काहीबाही घातलं. साक्षीने प्रत्येक वेळी त्याला स्क्रूपाशी आणलं.

बुधाजीने सगळं ऐकून घेतलं. मग तो साक्षीला म्हणाला, "तुझ्या बापाला मी पाया पडायला लावलं. हिथंच."

"व्हय," साक्षी म्हणाली.

"तिरडीला पन आलो न्हाय मी."

त्याला बरं वाटेल असा शब्द तिच्याजवळ नव्हता, आणि असता तरी तिने दिला नसता.

बुधाजीने कुबडी ओढून घेतली आणि उठून हरेश्वरच्या पुढ्यात आला. हरेश्वर त्याच्या पायाशी वाकायला लागला, तसं बुधाजीने कुबडी मध्ये आडवी धरली. "पाया नको पडू. एकच पाय हाय, पुरायचा न्हाय तुला. मी परवा मांडवात येनार. पुढल्या रांगेत बसनार. अलिबागचे पाहुणे इचारतील, आबा, पाय कशानं गेला? तवा मी सांगनार."

"बुधा, पोरीचं लग्न हाय."

"पाय गेला आनि माझ्या पोरीचं लगीन मोडलं तवा," बुधाजी म्हणाला, "कुठं व्हतास तू?"

साक्षी कॅरियर चढवत होती. तिच्या छातीत काहीतरी मोठं, ऊन ऊन पसरलं. इतक्या वर्षांत तिला एवढं बरं वाटलं नव्हतं. बोल्ट आवळताना काचेतून तिला सुचिता दिसली. ती रडत नव्हती. मेंदी विस्कटलेल्या हातांकडे बघत बसली होती. साक्षीला वाटलं, बुधाकाकांना जरा थांबवावं. हे वाटलं, थोडा वेळ राहिलं, आणि तिने पुढचा बोल्ट लावला.

बुधाजी लग्नाला गेला. पुढल्या रांगेत बसला आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला त्याने सांगितलं. पाहुण्यांमध्ये कुजबुज झाली, नवऱ्याचा चुलता उठून चालायला लागला होता, पण नवरामुलगा हलला नाही आणि लग्न लागलं. सामान लादून जीप तो उतार उतरली आणि सुखरूप अलिबागला पोचली. नट इकडचा तिकडे झाला नाही. पुढच्या बैठकीत देवळाच्या कमिटीने हरेश्वरला उतरवलं. सुचिता पहिल्या सणाला माहेरी आली नाही. साक्षीच्या दारात गाड्या यायला लागल्या, त्यांत धर्माजीकडून तोंड फिरवलेल्यांच्याही होत्या. त्यांची कामं ती करायची, पण त्यांना बसा म्हणायची नाही.

पुढच्या पावसाळ्यात भातं पोटरीत आली तेव्हा एका दुपारी हरेश्वर एकटाच चालत आला. गाडी आणली नव्हती. त्याने जनीसमोर हात जोडले आणि म्हणाला, की धर्माजीच्या फोटोला एकदा नमस्कार करू दे.

जनी तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं नाही.

"त्यानं सांगितलं व्हतं तवा ऐकायचं व्हतंस," ती म्हणाली. "आता फोटो काय ऐकनार?"

हरेश्वर उन्हात उभा राहिला. दारात आलेल्या माणसाला गावात कुणी पाण्याशिवाय जाऊ देत नाही. साक्षीने आईकडे पाहिलं. जनीने खडा वेचून अंगणात टाकला आणि पुन्हा सुपात बघू लागली. साक्षी पाण्याच्या माठाकडे न जाता शेडमध्ये गेली, तिने पत्र्यावर खूण केली आणि कात्री लावली. पत्रा कापून होईस्तोवर तो निघून गेला होता.