आधी मायनस सोडायचा

"अण्णा, आता कशालाबी हात लावू नका!" गाडीच्या आतून बुद्धप्रिया ओरडली. "नव्या डब्यात प्रोग्राम भरतेय."

बॉनेट उभं होतं. तिला वडील दिसत नव्हते, वडिलांना ती.

गाडी जुळे सोलापूरच्या विरेशची. इंजिन चालवणारा कंपनीचा डबा त्याला मंद वाटायचा. जास्त ताकद काढणारा नवा डबा, इसीयू, त्यानं बाहेरून मागवला होता.

"पुण्यालाच नेणार हुतो," तो खुर्चीवरून म्हणाला. "मित्र हसतेत. अक्कलकोट रोडला कोण करतंय म्हणं हे?"

"मी करतेय की."

असलं तिचं हे पहिलंच काम. शटरवर अजून वडिलांचं नाव, 'धोंडिराम ऑटो इलेक्ट्रिक'.

धोंडिराम इंजिनावर वाकले. पंख्याजवळ एक वायर लोंबत होती. पंखा फिरला की तुटणार.

वायरीला हात लावायच्या आधी बॅटरीचा मायनस सोडायचा, म्हणजे करंट बंद. पोरीला हे त्यांनीच शिकवलं. एकदा विसरली तेव्हा कानाखाली वाजवून. त्यांच्या हातून आजवर गाडी जळली नव्हती.

खिशातून दहा नंबरचा पाना निघाला. आत लॅपटॉपवर हिरवी पट्टी सरकत होती, थोडीच उरली होती, विरेशला हाक मारायला बुद्धप्रियानं तोंड उघडलं आणि

मीटरचे दिवे विझले.

ती उतरून पुढे आली. वडिलांच्या हातात पाना. बाजूला सुटलेला मायनस.

"वायर लोंबत हुती," ते म्हणाले.

विरेश उठून आला. "काय झालं?"

"अर्धवट भरला. डबा गेला."

"गेला म्हंजे? कुणी काय केलं?"

धोंडिरामांनी घसा खाकरला.

"माझी केबल सुटली," बुद्धप्रिया म्हणाली. "माझी चूक. डब्याचे पैसे भरून देते."

"म्हाईतच हुतं मला. जुना बसवा. जातो पुण्याला."

तिनं जुना बसवला. गाडी गेली. तिनं हात धुतले आणि विचारलं, "च्या घेताव का, अण्णा?"

धोंडिरामांना वाटलं, रागावली असती तर

दुसऱ्या दिवशी रिक्षा आली. हॉर्न बंद. धोंडिरामांना झोपेतही जमणारं काम. सीट उचलून ते बॅटरीसमोर उकिडवे बसले, पाना नटाला लावला. थांबले.

"बुद्धे," मागं न बघता ते म्हणाले, "सोडू का मायनस?"

रिक्षावाला हसला. "मालक तुमी, आन् इचारताय कुणाला?"

पाना नटाला लावून धोंडिराम तिच्या होकाराची वाट बघत बसून राहिले.