मधल्या ओट्यावरचे प्लग

कापसाच्या संकटाची ती वर्षं यवतमाळच्या हॉटेलवाल्यांना मात्र बरकतीची गेली. दिल्लीहून पथकं यायची, मुंबईहून यायची, संकटाचा अभ्यास करायची आणि तर्रीपोहे खाऊन नाक पुसत परत जायची. एक गेलं की दुसरं हजर. या मंडळींना वाट दाखवायला गावात कोणीतरी तज्ज्ञ लागायचा, आणि ज्याला दुसरं काम नाही तो तज्ज्ञ, या न्यायाने वामनराव तज्ज्ञ झाले. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. कापसाशी त्यांचा संबंध गादी-उशीपुरता. पण त्यांचं एक ठाम मत होतं, की खेड्यातला माणूस जातपात आणि अंधश्रद्धा सोडत नाही म्हणून बुडतो. पाहुण्यांना ते फार पटायचं. कापसाच्या भावाबद्दल बोलण्यापेक्षा हे कितीतरी सोपं होतं.

आता नव्या पथकावर एक स्थानिक सदस्य नेमायचा होता आणि पथकाच्या प्रमुख, दिल्लीच्या मैत्रेयी मॅडम, रविवारी संध्याकाळी वामनरावांच्या घरी यायला तयार झाल्या होत्या. वामनरावांना ते सदस्यपद हवं होतं. त्यांच्या बायकोला, रजनीताईंना, फाटकापुढे दिव्याची गाडी हवी होती. नवऱ्याला जन्मभर सायकलवरून कचेरीत जाताना पाहिलेल्या बाईची ही इच्छा आहे, तिला हसू नका. हसायला पुढे बरंच आहे.

मॅडमना दाखवण्यासारखं घरात एकच होतं: आयलंड. अमेरिकेतल्या मुलाने, अभिषेकने, आपल्या स्वयंपाकघराचा फोटो पाठवला आणि रजनीताईंनी हट्टाने भर स्वयंपाकघरात, चारही बाजूंनी मोकळा, काळ्या ग्रॅनाइटचा ओटा बांधून घेतला. भांडी घासणाऱ्या जमनाबाईने पहिल्याच दिवशी विचारलं, "ही समाधी कोणाची जी, बाई?" रजनीताई आठवडाभर तिच्याशी बोलल्या नाहीत.

फोटोतल्या ओट्यावर प्लग होते. म्हणजे इथेही हवेत. वामनरावांनी लोहाऱ्याच्या एमआयडीसीतून एक वायरमन शोधून आणला. अश्वजित त्याचं नाव. बोलण्यात वाघ, कामात सावकाश, आणि तासातासाला चहा.

"काकू, प्लग बाजूले लावतो," तो म्हणाला. "वर लावले त पाणी जाईन अंदर."

"बाजूला लावले तर दिसतील कसे?"

"आता प्लग पाहायले कोण येते, काकू?"

"दिल्लीचे लोक येतात," रजनीताई म्हणाल्या, आणि विषय संपला. प्लग ओट्याच्या ऐन पाठीवर बसले, आकाशाकडे तोंड करून.

लाईन देवघराशेजारच्या भिंतीतून आणायची होती. अश्वजितने समई उचलून बाजूला ठेवली, देव्हारा हातभर सरकवला, फरशी फोडली. रजनीताईंनी सगळं हसतमुखाने चालवून घेतलं. पोरगा बोलका होता, शिवाय नाव किती शुद्ध! अश्वजित! त्यांनी त्याला घरच्या कपात चहा दिला, वर चिवडाही दिला.

रविवारी दुपारी काम संपलं, आणि तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला.

"हां, जयभीम! बोल ना बे. इकडं एका काकूकडं काम करून राह्यलो."

'जयभीम' ऐकलं आणि रजनीताईंना एकेक आठवत गेलं. समई. देव्हारा. कप. तो हत्यारं आवरून निघून जाईपर्यंत त्या ओठांवर हसू चिकटवून उभ्या राहिल्या. मग त्याचा कप मागच्या अंगणात मोगऱ्याच्या कुंडीत गेला आणि त्या वामनरावांपुढे येऊन उभ्या राहिल्या.

वामनरावांनी सगळं ऐकून घेतलं. दर चौदा एप्रिलला व्यासपीठावरून न चुकता भाषण ठोकणारा हा माणूस. त्यांनी चष्मा पुसला.

"हे बघ, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही."

"मग?"

"मग काय? शिंपड. पण खिडकी लावून घे."

रजनीताईंनी देव्हाऱ्याखालून गोमूत्राची बाटली काढली. आधी तुळशीच्या पानाने शिंपडलं. पानाने मनाचं समाधान होईना, तेव्हा ओंजळीने शिंपडलं. देव्हाऱ्यावर, फरशीवर आणि सगळ्यात जास्त त्या ओट्यावर. लोडशेडिंग चालू होतं, त्यामुळे प्लगांनी काही तक्रार केली नाही. मग त्यांनी ओटा कोरडा पुसला, उदबत्ती लावली, आणि त्यांना अगदी न्हाल्यासारखं हलकं वाटलं.

साडेसहाला दिव्याची गाडी फाटकापुढे उभी राहिली. रजनीताईंनी आधी शेजारच्या गच्चीकडे पाहून घेतलं. शेजारीण बघत होती. जन्माचं सार्थक झालं.

मैत्रेयी मॅडम साध्या सुती साडीत, दिवसभर उन्हात फिरून दमलेल्या. मराठी चक्क घरच्यासारखी. त्यांनी देवघरातलं फूल हातात घेऊन त्याचा वास घेतला, मेणबत्तीच्या उजेडात ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून साबुदाण्याचे वडे खाल्ले, आणखी दोन मागून घेतले.

"मैत्रेयी!" रजनीताई कौतुकाने म्हणाल्या. "किती जुनं, किती शुद्ध नाव!"

सात वाजता लाईट आली आणि आख्ख्या गल्लीने एकदम हुर्रे केलं. वामनराव याच घटकेची वाट बघत होते. खेड्यातली जातपात आणि अंधश्रद्धा यावरचं त्यांचं सादरीकरण लॅपटॉपमध्ये तयार होतं. त्यांनी लॅपटॉप ओट्यावर मांडला, पिन प्लगमध्ये खोचली आणि मोठ्या रुबाबात बटण दाबलं.

फट्!

घरात काळोख. शेजारी टीव्ही चालू, समोर ट्यूब लखलखीत, सगळं यवतमाळ उजेडात, आणि अंधार तेवढा वामनरावांच्या घरी. अशी वेळ वैऱ्यावर येऊ नये.

अश्वजितला फोन गेला. तो लुना फटफटवत आला, टॉर्च पेटवून ओट्यावर वाकला, प्लगची पट्टी उघडली. आत ओल होती. त्याने नाक जवळ नेलं. मग खिशातून फडकं काढून हात पुसला.

"काकू," तो म्हणाला, "पुढच्या वेळी शिंपडायच्या आधी मेन स्विच बंद करत जा. शॉक बसन एखांद्या दिवशी."

"काय शिंपडायच्या आधी?" मॅडमनी विचारलं.

"गोमूत्र, मॅडम. आमी काम करून गेलो का शिंपडतेत. शहरातला माहा अर्धा धंदा याच्यावरच चालते."

वामनराव खोकले. खोकणं संपलं तरी खोकत राहिले. रजनीताईंना वाटलं, आता ही फरशी पुन्हा फुटावी आणि आपल्याला पोटात घ्यावी.

"नाव काय तुमचं?" मॅडम म्हणाल्या.

"अश्वजित."

"जयभीम, अश्वजित."

त्याने टॉर्च खाली केला. "जयभीम, ताई."

रजनीताईंच्या डोळ्यांपुढे सगळी संध्याकाळ उलटी फिरली. स्टूल, ताटली, चांगल्या सेटमधला कप, वडे, देवघरातलं फूल. त्यांनी ओट्याचा आधार घ्यायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

अश्वजितने प्लग पुसून सुकवला, मीटरपाशी जाऊन पडलेलं बटण वर केलं. घरात लख्ख उजेड पडला आणि कोणालाच तो नको होता. वामनराव उगाच लॅपटॉपची वायर सरळ करू लागले.

"सादरीकरण राहू द्या, वामनराव," मॅडम उठत म्हणाल्या. "विषय समजला." मग त्या अश्वजितकडे वळल्या. "गाव कोणतं तुमचं?"

"घाटंजीकडचं. बाप अजूनई कापूसच लावते, आयकत नाही."

"उद्या तिकडेच जायचंय. याल का सोबत? वाट दाखवायला कोणीतरी कापसातलं हवंय."

"येतो ना, ताई. सकाळी लवकर निघू, वाटेत चाय घेऊ," आणि इथून त्याच्या बोलण्याची गाडी पुन्हा भरधाव सुटली. दोघं बोलत बोलतच फाटकाबाहेर पडले. दिव्याची गाडी आणि मागून लुना, अशी वरात शेजारणीच्या डोळ्यांदेखत वळणाआड गेली. सदस्यपदही त्या वरातीबरोबरच गेलं, हे वामनरावांना कोणी सांगायची गरज नव्हती.

वामनरावांनी फाटक लावून घेतलं. मग रजनीताई मुकाट्याने देव्हाऱ्याशी गेल्या आणि खाली वाकून बाटली काढली.

"थांब," वामनराव म्हणाले.

रजनीताई थांबल्या. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने आपल्याला पहिल्यांदाच अडवलं, असं त्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर क्षणभर बरंही वाटलं. वामनराव उठले, मीटरपाशी गेले, चष्मा वर करून नीट पाहिलं आणि मेन स्विच खाली ओढला.

"हं," अंधारातून त्यांचा आवाज आला, "आता शिंपड."