खोक्यांमागचा लेथ

मित्रांनो, अंबरनाथच्या एमआयडीसीत देवदत्त शेठचा गाळा आहे. तिथं खोक्यांच्या मागे अडकून पडलोय तो मी, लेथ. लोखंडाचा दांडा माझ्यात बसवायचा आणि फिरवत फिरवत हवा तसा कातायचा, की झाला यंत्राचा शाफ्ट; हे माझं काम. म्हणजे, होतं.

पंजाबातून ट्रकवर आलो, तेव्हापासून किसनभाऊंनीच मला चालवलं. जवळच्या बेलवली गावचा साधा माणूस, पण हातात काय कसब! नुसत्या आवाजावरून माझं दुखणं ओळखायचे. शेठ गिऱ्हाइकांना म्हणायचा, "किसनभाऊंनी कातलेला शाफ्ट ना? डोळे मिटून बसवा." मी फुगायचो. खोटं कशाला बोलू?

मग चीनमधून तयार शाफ्ट येऊ लागले, आमच्या निम्म्या भावात. कामं आटली. किसनभाऊ आठवड्यातून तीनच दिवस येऊ लागले, पगारही तेवढ्याचाच. अशात जर्मनीची ऑर्डर आली! माल पसंत पडला तर वर्षभराचं काम पक्कं. आम्ही दोघे महिनाभर राबलो. एकही शाफ्ट केसभर चुकला नाही.

पण नव्या कामाच्या पहिल्या नगाला कुंकू लावायची किसनभाऊंची रीत. या वेळी आनंदाच्या भरात त्यांनी प्रत्येक खोक्यातल्या वरच्या शाफ्टला बोट टेकवलं. जहाजातल्या दमट हवेत ते कुंकू पसरलं. तिकडच्यांनी खोकी उघडली, तांबडे डाग पाहिले आणि म्हणाले, गंज! सगळा माल परत, ऑर्डरही रद्द.

"किसनभाऊ, काय करून ठेवलंत हो!" शेठ डोकं धरून बसला.

"ओ शेठ, चांगलं व्हावं म्हणूनच लावलं ना मी."

एवढंच बोलले, आणि फडक्याने एकेक शाफ्ट पुसत बसले. डाग सहज निघत होते. मला रडता येत असतं तर रडलो असतो.

आता शेठ चीनचाच माल आणून विकतो. बरं चाललंय त्याचं, चिखलोलीत फ्लॅट घेतला. माणूस वाईट नाही. त्यानेच किसनभाऊंना त्या इमारतीच्या गेटवर वॉचमन म्हणून लावून दिलं.

मध्यंतरी भंगारवाला येऊन माझं वजन विचारून गेला. कळताच किसनभाऊ युनिफॉर्मवरच धावत आले. "शेठ, नका ना विकू. मी रविवारी येऊन तेल घालत जाईन, फुकट." शेठने मान डोलावली. तेव्हापासून ते येतात. तेल घालतात, मग शेजारी स्टुलावर बराच वेळ नुसतेच बसून राहतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी सांगायला हवं. पण माझं राहू द्या, मला कुणीतरी आहे. तुमच्या गेटवर जे काका बसतात ना, त्यांना एकदा विचारा, "काका, आधी तुम्ही काय करायचात?"