तिच्या नावावरचे धडे

फोन आला तेव्हा तो सिलिंडरच्या मानेवर ठसा मारत होता. हातोडा खाली ठेवून त्याने फोन कानाला लावला. पलीकडे एक बाई होत्या. ऑनलाइन कोर्सच्या मार्गदर्शक, असं त्यांनी सांगितलं. ताई फोन उचलत नाहीत म्हणून तुम्हाला केला, म्हणाल्या. ताईंचं काम मध्यंतरी थांबलं होतं, आता पुन्हा छान चाललंय, गेल्या आठवड्यातले धडेही व्यवस्थित झालेत. असंच चालू राहिलं तर कॉलेजची राहिलेली सगळी क्रेडिट्स पूर्ण होतील.

तो "बरं, बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याची बायको जाऊन पाच महिने झाले होते.

चूक त्याचीच होती. गॅसच्या ऑफिसात, बँकेत, सगळीकडे त्याने कळवलं होतं. या कोर्सवाल्यांना कळवायचं राहिलं होतं. राहिलं म्हणजे काय, त्याने राहू दिलं होतं. एवढ्या एकाच ठिकाणी ती अजून विद्यार्थिनी होती. तिथेही ती वारली म्हणून सांगायला त्याची जीभ उचलत नव्हती.

पण मेलेलं माणूस धडे करत नाही. मग कोण करत होतं?

या कोर्सवर त्याचा पहिल्यापासून विश्वास नव्हता. लग्नामुळे बायकोचं कॉलेज सुटलेलं. चाळिशी उलटल्यावर तिने हे काढलं होतं. घरी बसून धडे बघायचे, वेळ मिळेल तसे. धडा झाला की त्यावर तोंडी उत्तर द्यायचं, ते टॅबलेटवर रेकॉर्ड होऊन मार्गदर्शकांकडे जायचं. पेपर नाही, परीक्षेचा हॉल नाही, आणि क्रेडिट्स मात्र कॉलेजात धरली जाणार. ती भाजी निवडता निवडता कानात वायर घालून बसायची आणि तो म्हणायचा, "परीक्षा नसलेली पदवी म्हणजे चाचणी न केलेला सिलिंडर. मी तर त्याच्या शेजारी उभाही राहणार नाही." ती हसून एका कानातली वायर काढायची, "काही म्हणालात?" विचारायची आणि तो पुन्हा बोलायच्या आत परत घालायची.

त्याचं सगळं आयुष्य चाचणीत गेलं होतं. सिलिंडर पाण्याने भरायचा, पंपाने दाब चढवायचा आणि दाब दाखवणाऱ्या घड्याळावरच्या काट्याकडे बघत उभं राहायचं. काटा स्थिर राहिला तर ठसा. हलला तर सिलिंडर कापून टाकायचा, परत कोणी वापरू नये म्हणून.

दुपारी डबा खाताना त्याने सहकाऱ्यापाशी विषय काढला. हा सहकारी सतत शिट्टी वाजवायचा म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणत. घरचं काही न सांगता, असे कोर्स खरे असतात का, एवढंच विचारलं. शिट्टी म्हणाला, त्याच्या मेव्हण्याने केला होता की. व्हिडिओ लावायचा आणि झोपायचा. कोर्स संपला, मेव्हणा उठला, भिंतीवर सर्टिफिकेट.

बाकीचे हसले. तो हसला नाही. त्याच्या डोक्यात लेक आली.

आईच्या आजारपणात लेकीने कॉलेज सोडलं होतं. आता पुन्हा सुरू करते म्हणत होती, पण तिचं पुस्तक काही त्याला दिसत नव्हतं. विचारलं की, "बघते बाबा." आईच्या मेहनतीवर ही स्वतःची गाडी ढकलत असेल का? नाव आईचं आणि पुढे काहीतरी खटपट करून क्रेडिट्स हिची? असं करता येतं की नाही ते त्याला ठाऊक नव्हतं. पण जिथे परीक्षाच नाही तिथे काय वाटेल ते होऊ शकतं, असं त्याला वाटलं. आणि एकदा वाटलं ते डोक्यातून जाईना. घरात आता दोघंच उरले होते. त्यातलं एक माणूस खोटं निघालं, तर घरी जायचं तरी कशाला?

घरी येऊन त्याने स्वयंपाकघरातलं वरचं कपाट उघडलं. डब्यांच्या मागे त्याने स्वतः ठेवलेला टॅबलेट तिथेच होता. त्याने पाठीवर तळहात ठेवला. टॅबलेट कोमट होता.

त्याने कपाट पुन्हा लावून टाकलं. गळतीचा संशय असला तरी सांध्याला शिव्या घालून उपयोग नसतो. साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुड्याची वाट बघायची. जेवताना तो सहज म्हणाला, "आईचा टॅबलेट चालतो का गं अजून?"

लेकीने मान वर केली नाही. "कुणास ठाऊक. बॅटरी गेली असेल."

बुडबुडा आला, तो मनात म्हणाला.

दोन दिवसांनी तो पोट बिघडल्याचं सांगून दुपारीच कारखान्यातून निघाला. दार आवाज न करता उघडलं, चपला हातात घेतल्या. स्वतःच्याच घरात चोरासारखं शिरताना त्याला लाज वाटली, पण तो थांबला नाही. स्वयंपाकघरातून आवाज येत होता. त्याच्या बायकोचा.

तो भिंतीला टेकला.

"पाणी दाबलं तरी फारसं आकसत नाही," आवाज सांगत होता. "म्हणून टाकीची चाचणी पाण्याने करतात. टाकी फुटलीच तर पाणी सांडतं, तेवढंच. हवा भरून केली तर दाबलेली हवा एकदम सुटेल आणि माणूस जाईल. माझ्या बाबांच्या..." आवाज अडखळला. टिचकी वाजली. मग पुन्हा पहिल्यापासून, सावकाश, "पाणी दाबलं तरी फारसं आकसत नाही," आणि शेवटी, जपून, "आमच्या ह्यांच्या कारखान्यात असंच करतात."

आमच्या ह्यांच्या. त्याची लेक त्याला तसं म्हणत होती.

दोघींचा आवाज इतका सारखा, की फोनवर नातेवाईक हटकून फसायचे. मावशीने एकदा हिलाच आई समजून हिच्याच स्थळाची सगळी बोलणी सांगून टाकली होती.

तो आत गेला. लेक दचकून उभी राहिली. टॅबलेट लपवायला गेली आणि मग तिने तसाच टेबलावर ठेवला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"आई गेल्यानंतर महिन्याभराने. थोडेच राहिलेत, बाबा. तिच्या नावाने पदवी येईल. मी ती भिंतीवर लावणार होते आणि मगच तुम्हाला सांगणार होते."

"मला वाटलं, तू स्वतःसाठी..."

"चोरतेय?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज कोरडा होता. "वाटलंच असेल. तुम्हाला तर आईचंही खरं वाटत नव्हतं."

तो खुर्ची ओढून बसला. टॅबलेटकडे बोट करून म्हणाला, "तिचं स्वतःचं शेवटचं उत्तर कोणतं?"

लेकीने शोधून लावलं. हॉस्पिटलात केलेलं होतं. बायकोचा श्वास लागत होता. ती उष्णतेबद्दल काहीतरी सांगू लागली, मध्येच थांबली आणि म्हणाली, "हे मला नीट आलं नाही. परत सांगते." लेकीने पुढचं लावलं. "अजून नाही आलं. परत." त्याच्यानंतरचं. पुन्हा तेच.

"चालून गेलं असतं हे," लेक म्हणाली. "मार्गदर्शकांनी पहिलंच घेतलं असतं. तिनेच पाठवलं नाही. मी म्हटलं, आई, झोप आता. ऐकेल तर ना."

ते सगळं संपेपर्यंत तो टॅबलेटकडे बघत राहिला. काट्याकडे बघायचा तसा.

मग त्याने फोन काढला. लेकीच्या लक्षात आलं. "बाबा, नको. एवढं झालंय तिचं."

"तिने केलंय तेवढं तिचं आहे," तो म्हणाला. "पुढचं तुझं. दुसऱ्याने दाब झेलायचा आणि ठसा तिच्यावर मारायचा, हे मी कोणत्या तोंडाने करू? तीच पहिली विचारेल मला."

मार्गदर्शक बाईंनी फोन उचलला. त्याने सांगितलं, ती वारली. हे शब्द तोंडातून निघायला वेळ लागला, पण निघाले. नंतरची उत्तरं लेकीची आहेत, ती काढून टाका, आधीची मात्र राहू द्या, म्हणाला. बाईंनी ती गेल्याची तारीख विचारून घेतली. मग म्हणाल्या, आधीची तिच्या नावावर राहतील, पण पदवी पूर्ण होणार नाही. आणि मुलीला त्यातलं काही मिळणार नाही. तिला स्वतःच्या नावाने पहिल्यापासून करावं लागेल.

"करेल की," तो म्हणाला.

लेक त्या दिवशी त्याच्याशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तो कामावरून आला तेव्हा ती टेबलाशी बसली होती, कानात वायर, समोर टॅबलेट, त्यावर कोर्सला आता तिचं स्वतःचं नाव. त्याने हात धुतले, भाजी पुढ्यात ओढली आणि निवडायला बसला.

थोड्या वेळाने तिने वायर काढली आणि उत्तर द्यायला लागली. तो मान खाली घालून ऐकत होता. ती संपवून पाठवणार तेवढ्यात तो म्हणाला, "मधे अडखळलीस."

"चालतं तेवढं."

"परत सांग."

लेकीने त्याच्याकडे रोखून बघितलं. मग टिचकी मारून उत्तर पुसलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.