अंजनाच्या नावाची बैठक

आकाराम डोळे उघडून उठला. चटई झटकून भिंतीच्या कडेशी नीट जुळवून पुन्हा अंथरली, बुद्धांच्या फोटोपुढची मेणबत्ती विझवून परत लावली, आणि हात जोडून त्रिसरणापासून सुरुवात केली.

स्वयंपाकघरातून मनालीनं डोकं बाहेर काढलं.

"आप्पा, परत पहिल्यापास्नं?"

"मोडलं."

"तुमचं हुईस्तवर चहाचा काढा झाला की!"

"ओतून टाक. नवा ठेव."

मनाली सासरी कबनूरला असायची. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात आई गेली, तेव्हापासून सवड मिळाली की ती उचगावला बापाकडे यायची आणि हाच प्रकार बघायची.

आकारामची बायको अंजना रोज सकाळी याच जागेवर अर्धा तास डोळे मिटून बसायची. ती गेल्यावर झालेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीला विहारातल्या शालूबाई आकारामला म्हणाल्या होत्या, "दादा, तुमी बी बसत जावा. बसून उठला की त्ये पुण्य वैनींच्या नावानं द्या."

ते त्यानं मनावर घेतलं. फौंड्रीत त्याचं काम तपासणीचं होतं. ओतून आलेल्या लोखंडावर हातोडी मारायची, आवाज ऐकायचा. आवाज बद्द आला की आत चीर आहे असं समजायचं आणि माल परत भट्टीत टाकायचा. त्यात दयामाया नाही. परक्या गिऱ्हाइकाला चिरलेला माल दिला नाही, तो अंजनाला कसा द्यायचा? म्हणून बसल्यावर मन जरा जरी हललं, की ती बैठक बाद. उठायचं आणि पहिल्यापासून करायचं. असं करता करता कामावर जायची वेळ व्हायची. इतक्या महिन्यांत त्याची एकही बैठक पुरी झाली नव्हती. अंजनाच्या नावानं अजून काहीच गेलं नव्हतं.

मन कशानं हलतं, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. चार श्वास बरे जायचे. मग अंजनाच यायची. पदर खोचलेला, हात पिठाचे. "डबा घेतला न्हवं?" म्हणायची. की हा उठलाच.

"आज पौर्णिमा हाय," मनाली चहा देत म्हणाली. "विहारात चला. चार माणसांत बसा."

"माणसांत मोडलं तर?"

"आतलं कुणाला दिसतंय हो?"

संध्याकाळी दोघं जरा उशिराच पोचली. मनाली बायकांत गेली. आकारामला मधल्या ओळीत जागा मिळाली. पुढं पाठ, मागं गुडघे, आणि शेजारी मांडीला मांडी लावून फौंड्रीतला धम्मपाल. शालूबाईंनी घंटा वाजवली. सगळं शांत झालं.

श्वास आत. बाहेर. रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं. आत. बाहेर.

आणि अंजना आली.

आकारामचा हात आपसूक जमिनीवर टेकला. तो अर्धा उठला.

"पावणं, निघाला कुठं?" धम्मपाल डोळे न उघडता पुटपुटला. "बसा की गप. माझ्या पायावर पाय दिलाय."

तो खाली बसला. कान गरम झाले. बाहेर जायला वाट नव्हती, आणि अंजना काही जात नव्हती. तिला रोज कसं घालवतो, हे त्याला आज पहिल्यांदा दिसलं. ती आली रे आली की हा पाठ फिरवायचा.

'बस,' तो मनात म्हणाला.

ती बसली. श्वास आत गेला, ती होती. बाहेर आला, ती होती. त्याच्या गालावरून पाणी ओघळलं, ते त्यानं पुसलं नाही. मग कधीतरी तिचं काही काम निघालं असावं, ती उठून गेली. श्वास चालूच होता. ती परत आली, परत गेली. मध्येच मनालीचं लग्न आठवलं, वरच्या साहेबाचा राग आला, पाठ दुखली. तो बसून राहिला.

घंटा झाली.

"कसं झालं, दादा?" शालूबाईंनी विचारलं.

"मोडलं. लै येळा. सारखी अंजनाच येत हुती."

बायकांत कुणीतरी नाक ओढलं.

"मग उठला न्हाईसा?"

"उठतोय कुठनं? ह्यो धम्मा कुंपण घातल्यागत बसलाय!"

सगळं विहार हसलं. हसणं ओसरल्यावर शालूबाई म्हणाल्या, "द्या मग."

"असलं?"

"सगळ्यांचं असलंच असतंय. मी तर आज निम्मा येळ घरातला गॅस बंद केला का, ह्येच बघत हुते."

आकारामनं त्यांच्याकडं बघितलं. त्या हसत नव्हत्या. त्यानं हात जोडले. फौंड्रीच्या गडगडाटात बोलायची सवय. आवाज बारीक काढायचं त्याला कधी जमलंच नव्हतं.

"ह्ये माझ्या अंजनाला!"

भिंती दणाणल्या. मागच्या ओळीत झोपलेलं एक पोर दचकून उठलं. "साधु, साधु, साधु," सगळे म्हणाले.

बाहेर पायरीवर त्याच्या चपला नव्हत्या. कुणीतरी चुकून घालून गेलं होतं. सगळे पांगल्यावर एक जोड उरला. त्यानं तोच पायांत सरकवला. टाचा चपलांच्या मागं बाहेर लोंबत होत्या.

"आप्पा, ह्या कुणाच्या? थांबा, इचारून येते."

"कुणाच्या का असंनात," आकाराम म्हणाला, आणि चपला फटाफटा वाजवत, छाती काढून रस्त्याच्या मधोमध चालू लागला.