फळीवरचा झेंडू

झेंडूच्या तीन वाळक्या पाकळ्या.

पाण्याचा पंप, पाच हॉर्सपॉवर. हिरवा. रंगाचा वास अजून गेलेला नाही.

उजव्या पायाची रबरी चप्पल, टाचेकडे झिजलेली.

शाळेपाशी रस्त्याला उतार आहे.

सत्तेचाळीस सेकंद.

"ते उतरले कित्याक?"

४७०

"काका, काल दुपारपासून एकही ट्रक काट्यावर आला नाही ना?"

"नाय."

"एकसुद्धा पावती निघाली नाही?"

"कोणाची निघतली बाय? सगळां बंद आसा."

अंकिताने स्क्रीन सगुणकडे वळवला. ती पणजीच्या एका कॉम्प्युटर फर्ममधून आली होती. मूळची बेळगावकडची, सव्वीस वर्षांची, कालपासून, मंगळवारपासून, या खोलीत बसून होती. स्क्रीनवर डिस्कला लागणारा वेळ दाखवणारी एक निळी रेघ होती. काल दिवसभर ती वर होती, रात्री खाली बसली होती आणि आज सकाळी आठ वाजता पुन्हा उठून वर गेली होती.

"ट्रक नाहीत. पावत्या नाहीत. सर्व्हरला काही कामच नाही," ती म्हणाली. "तरी ही डिस्क कालच्याइतकीच हळू आहे. मी आल्यापासून समजत होते, काम जास्त म्हणून हळू. हे तसं नाहीये."

सगुण परब रेघेकडे बघत राहिला. गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी तो डिचोलीपलीकडच्या या खाणीच्या काट्यावर कारकून म्हणून लागला होता. एकोणीस वर्षं. खाणीतून खनिज भरून आलेला ट्रक काट्यावर चढतो, वजन होतं, पावती निघते, ट्रक नदीवरच्या धक्क्याकडे जातो. आधी तो पावती हाताने लिहायचा. मग कॉम्प्युटर आला. आता तो नंबर टाकायचा आणि थांबायचा. पूर्वी सेकंदभर थांबावं लागे. गेले तीन आठवडे सत्तेचाळीस सेकंद.

पहिल्या दिवशी अंकिताने त्याला समजावलं होतं. सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातला एक म्हणजे मिलिसेकंद. एका पावतीसाठी प्रोग्रॅम डिस्ककडे शंभर खेपा घालतो. एका खेपेला नऊ-दहा मिलिसेकंद लागायला हवेत. इथे लागतात चारशे सत्तर.

"म्हणजे वजन करूक लागता तो येळ येगळो," सगुण म्हणाला होता, "आनी रांगेत रावतत तो येगळो. काट्यार दोष आसा, रांगेत नाय."

अंकिता हसली होती. "काका, तुम्ही माझं काम घेणार."

ते मंगळवारी सकाळी. अकराच्या आधी.

बाहेर

रांग शाळेपर्यंत गेली होती. सत्तावन्न ट्रक. प्रत्येकाचं इंजिन चालू, कारण बंद केलं तर पुढे सरकायची पाळी चुकते. धूळ इतकी की शाळेतल्या उषाबाई मुलांना तोंडाला रुमाल बांधून वर्गात बसवत. नोव्हेंबरात याच उषाबाईंनी गावातल्या बायका घेऊन रस्ता अडवला होता. तेव्हा कंपनीने लगोलग पंप आणून रस्त्यावर पाणी मारायची सोय केली. कृष्णनाथ नावाचा माणूस पंपावर ठेवला. रांग वाढली की धूळ वाढायची, धूळ वाढली की कृष्णनाथ पंप बंदच करत नसे.

रांगेतला ड्रायव्हर गोकुळदास रोज एकदा तरी काट्याच्या खिडकीशी येऊन जायचा. तो गोव्याच्या हद्दीपलीकडचा, दोडामार्गच्या बाजूचा. सगुण इब्रामपूरचा. पहाटे गोकुळदास रिकामा ट्रक घेऊन यायचा आणि सगुण नाक्यावरून त्याच्या केबिनमध्ये चढायचा. अकरा वर्षं. दोघांचं बोलणं बहुतेक भांडणासारखंच असायचं.

"काय रे सगुणा, काटो मेलो काय तुझो?"

"मरूक नाय. इचार करता."

"इचार? मगे तेका सरकारी नोकरी गावली म्हण की!"

"जा रे, गाडयेत बस जा. हय गर्दी करू नको."

"बसान बसान माझां बूड लोखंडाचां जाला. माझां पण वजन कर एकदा."

मंगळवारी अकराला तो हेच काहीतरी बोलायला उतरला असणार. खिडकीपर्यंत आला नाही. त्याचा ट्रक शाळेजवळच्या उतारावर उभा होता. दोन ट्रकांच्या मधून तो रस्त्याच्या या बाजूला येत होता. मागच्या ट्रकाचा ब्रेक सुटला. फार नाही, हातभर ट्रक सरकला. हातभरच.

सगुणला कळलं तेव्हा त्याच्या स्क्रीनवर लिहिलेलं होतं, कृपया थांबा. ओरडा ऐकून तो उठला, आणि उठता उठता त्याने वळून बघितलं, पावती आली का. हे तो नंतर कुणाला सांगू शकला नाही. माणूस मेला होता आणि त्याने पावतीकडे बघितलं होतं.

९

बुधवारी, म्हणजे आज, एक वाजायला दहा मिनिटं असताना निळी रेघ कोसळली.

अंकिता खुर्चीतून अर्धी उठली. "काका! आत्ता काय झालं?"

"काय?"

"नऊ! बघा, नऊवर आली. तुम्ही काही केलंत? काही बंद केलंत?"

"मी हयच बसलंय."

"मग काय बदललं?"

सगुण खोलीभर बघू लागला. पंखा फिरत होता. ट्यूब चालू होती. काहीच बदललं नव्हतं, तरी खोली वेगळी वाटत होती. मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याला पंखा ऐकू येतोय. तीन आठवडे पंखा ऐकू आला नव्हता.

"पंप," तो म्हणाला. "पंप बंद जालो."

भिंतीपलीकडे पंप होता. आज ट्रक नव्हते, धूळ नव्हती, पण पंप सकाळी आठपासून चालला होता, कारण शाळेजवळचा रस्ता धुवायचा होता. लाल मातीत मिसळलेलं लवकर जात नाही. कृष्णनाथ आता जेवायला गेला होता.

अंकिता बाहेर धावली. खिडकीतून तिचा आवाज आला, "दादा, एक मिनिट, पंप परत चालू करा ना!"

"अगो बाय, माका जेवूक दी गो!"

"एकच मिनिट!"

भिंत घरघरली. सगुण एकटाच स्क्रीनसमोर होता. रेघ चढली. शंभर. दोनशे ऐंशी. चारशे सत्तर.

ती परत आली तेव्हा तो उभा होता. सर्व्हर भिंतीतल्या लोखंडी फळीवर होता, छातीच्या उंचीवर. त्याच्यावर हळद-कुंकवाचा सुकलेला टिळा, आणि शेजारी फळीवर झेंडूच्या तीन पाकळ्या. कुणी फुंकर घालावी तशा पाकळ्या पत्र्यावर थरथरत होत्या. वारा तर नव्हता.

अंकिताने फळीवर तळहात ठेवला. मग काढला. मग परत ठेवला.

"डिस्कच्या आत एक चकती फिरते," ती हळू बोलू लागली, जणू स्वतःलाच सांगत होती. "तिच्यावर एक बारीक सुई जागा शोधते. भिंत हलते, फळी हलते, सुईची जागा चुकते. ती परत शोधते. परत चुकते. मी अँटीव्हायरस बघितला, मेमरी बघितली, डिस्क तपासली तर डिस्क चांगली. हात कुठेच लावला नाही." तिने फळीखाली वाकून बघितलं. "पण हा इथे वर कसा? आमच्या लोकांनी खाली बसवलेला, रबरी पायांच्या स्टँडवर. मी कागद बघितलेत."

स्टँड कोपऱ्यात होता. त्यावर जुन्या फायली होत्या.

"मी ठेवलंय," सगुण म्हणाला.

"कधी?"

"खंडेनवमीक. पूजेक स्टँडारसून खाली घेतलंय, पुसलंय, हार घातलंय. मगे परत थय जमनीलागी ठेवूक मन जायना. पूजा केल्ली वस्त. सगळी धूळ तळातसून वर येता, लाल. म्हटलां, वर ठेवूया, साफ रवतलो." त्याने बोटाने फळीवरची धूळ पुसली. "तेव्हा पंप नव्हतो. पंप दीड म्हयन्यान इलो."

"मी तुम्हाला विचारलं होतं काका. तीन आठवड्यांपूर्वी काय बदललं?"

"तू कॉम्प्युटराचां इचारलंस. पंप काय कॉम्प्युटर आसा?"

अंकिताने खरंच फक्त कॉम्प्युटरचंच विचारलं होतं.

"आणि एकट्याने चढवलात? चौतीस किलो आहे हा."

सगुणने पाकळ्यांवरून नजर काढली नाही.

"एकट्यान."

दोघांनी मिळून सर्व्हर उतरवला. अंकिताच्या बाजूने तो कलंडला, तेव्हा सगुणने गुडघा लावला. फायली जमिनीवर गेल्या, सर्व्हर रबरी पायांवर बसला. पंप भिंतीपलीकडे चालूच होता. रेघ नऊवर. अंकिताने चाचणीची पावती काढायला सांगितली. सगुणने नंबराच्या जागी शून्यं टाकली आणि बटण दाबलं.

त्याने बटणावरून हात उचलायच्या आत प्रिंटर करकरला.

तो दचकून मागे सरला.

अहवाल

मॅनेजर गुरुदास कुडणेकर दार लोटून आत आले आणि स्टँडकडे, मग रिकाम्या फळीकडे बघत राहिले. सगळं ऐकून घेताना त्यांनी चष्मा चार वेळा पुसला.

"मॅडम, नवी डिस्क आणली आहे ना? ती घाला. अहवालात लिहा, जुनी डिस्क खराब होती."

"डिस्क खराब नाही सर."

"ते मला कळलं हो. पण काल माणूस गेलाय. फळीचं नाव आलं की विचारणार, फळीवर कोणी ठेवलं. पंपाचं नाव आलं की विचारणार, भिंतीला कोणी बसवला." ते सगुणकडे वळले. "तुका निवृत्तीक दोन वर्सां उरल्यात सगुण. फक्त दोन. हांव तुजें बरें चिंततां रे."

"जाणां बाबा."

"मग?"

"मगे काय. नवी डिस्क घालतले. आनी फुडल्या खंडेनवमीक दुसरो कोणय हार घालून फळयेर ठेवतलो. तेका कोणी सांगूक नाय जाल्यार?"

गुरुदास चष्मा लावायचा विसरून बाहेर गेले.

अंकिता लिहीत होती. *डिस्क निर्दोष आहे. भिंतीपलीकडील पंपाच्या हादऱ्यांमुळे डिस्कचा उत्तर देण्याचा वेळ पन्नास पटीने वाढत होता. यंत्र मूळ स्टँडवर ठेवले असता पंप चालू असतानाही वेळ नऊ मिलिसेकंद. पंप भिंतीपासून दूर, स्वतंत्र ओट्यावर बसवावा. यंत्र फळीवर ठेवणारे...*

ती थांबली.

"लिव," सगुण म्हणाला. "सगुण यशवंत परब, काटा कारकून. एकट्यान. तां पण लिव."

"एकट्याने कशाला लिहायचं?"

"लिव गो."

तिने लिहिलं. त्याने खाली सही केली. एकोणीस वर्षं पावत्यांवर करत होता तीच, सगुणच्या णला लांब शेपटी असलेली.

इतक्यान

चार वाजता गोकुळदासची बायको यशोदा आली. त्याच्या केबिनमधलं सामान न्यायला. डबा, टॉवेल, देवाची छोटी तसबीर. दिराने तिला फाटकाशी सोडलं होतं आणि ती एकटीच काट्याच्या खिडकीपाशी येऊन उभी राहिली होती. तिच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत एकच चप्पल होती.

"सगुणभावजी, तुमका इचारूचां होतां," ती म्हणाली. "सगळे सांगतत, चूक तेंचीच. गाडयेत बसाक होयां होतां. ते उतरले कित्याक?"

सगुण खिडकीतून बोलला नाही. तो उठून बाहेर आला.

"माका इचारा. काटो अडलो कित्याक, तां."

"मगे, अडलो कित्याक?"

तो तिला खोलीत घेऊन गेला. अंकिता उठून भिंतीला टेकून उभी राहिली. सगुणने बोट फळीवर ठेवलं आणि यशोदेने त्याचं बघून आपला हात शेजारी ठेवला. पलीकडे कृष्णनाथचा पंप चालला होता. रस्ता अजून धुवायचा राहिला होता.

"काय कळता?"

"हलता."

"ह्याच फळयेर मी तां मशीन ठेवल्लंय. ह्या हलण्यान पावती अडायची. पावती अडली म्हणान रांग. रांग म्हणान तो उतरलो." त्याने फळीवरून बोट काढलं. "तेची चूक नाय वयनी. माझी."

यशोदा बराच वेळ हात तसाच धरून उभी होती. ती रडली नाही. ओरडलीही नाही. सगुण तिच्या ओरडण्याची वाट बघत होता. ती फळीकडे बघत होती, हाताकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर फक्त आश्चर्य होतं, भिंतीतून कुणी तिला नावाने हाक मारावी तसं.

"इतक्यान?" ती म्हणाली.

तिने तळवा फळीवर अजून दाबला.

"इतक्यान माणूस मरता?"

मग तिने हात पदराला पुसला, पिशवी उचलली आणि दाराबाहेर गेली. तिच्या पाठोपाठ सगुण फाटकापर्यंत चालत गेला, तिच्यापासून चार पावलं मागे, आणि दिराची मोटारसायकल वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभा राहिला. संध्याकाळी त्याला इब्रामपूरला नेणारं कुणी नव्हतं. तो बसच्या थांब्याकडे निघाला.

खोलीत पाकळ्या फळीवरच होत्या. थरथरत सरकत एक कडेपर्यंत आली होती.

त्या खंडेनवमीच्या सकाळी काट्यावर पहिला ट्रक गोकुळदासचा आला होता. सर्व्हर फळीवर चढवताना दुसरी बाजू त्याने धरली होती.